मांगरात जन्मलेली मुलगी आणि न्यू जर्सीत जन्मलेला नातू: जन्मलेल्या जागेचा हक्क किती?

कलमवाली | २० डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहायलाच बसले.

गेल्या मंगळवारी शाळेच्या बाई आमच्या बागेत आल्या होत्या. जूनमध्ये पहिलीत बसतील अशा दाखलपात्र मुलांची यादी करत त्या वाडीवाडी फिरतात. आमच्या राखणीला जे नेपाळी जोडपं आहे, त्यांची मुलगी फेब्रुवारीत सहा वर्षांची होईल. आम्ही तिला छोटीच म्हणतो. बाईंनी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी थांबून माझ्याकडे बघितलं. "काय लिहू काकू?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, जूनमध्ये बघू. तो कोरा रकाना तेव्हापासून डोळ्यापुढून हलत नाही.

ही मुलगी माझ्या देखत जन्मली. २०२० चा फेब्रुवारी, कैरी सुपारीएवढी धरलेली. रात्री दोनला तिचा बाप दार ठोठावत आला. रिक्षाला फोन केला, पण रिक्षा गडग्यापाशी पोचेपर्यंत पोरगी मांगरातच, म्हणजे बागेतल्या राखणीच्या खोपटातच, झाली. मी कंदील धरला होता, कारण नेमकी लाईट गेलेली. आशाताई धावत आली, तिने नाळ कापली. पहाटे बापाने मांगरामागच्या रायवळाच्या बुंध्याशी वार पुरली. आपल्याकडेही तसंच करायचे. माझी सासू सांगायची, जिथे नाळ पुरली तिथली ओढ माणसाला जन्मभर सुटत नाही.

पुढची कथा कागदांची. घरात जन्म झाला तर २१ दिवसांत घरच्यांनी नोंदवायचा. आम्ही गेलो तर ऐकायला मिळालं, "आईबाप नेपाळी आहेत, आधार नाही, इथे नोंद होत नाही." मी म्हटलं मूल तर इथे झालंय. "तुम्हाला कायदा माहीत नाही काकू." मग कोरोना आला, टाळेबंदी लागली आणि वर्ष उलटलं. वर्षानंतर नोंद करायची तर मॅजिस्ट्रेटचा आदेश लागतो. प्रतिज्ञापत्र झालं, आशाताईचा जबाब झाला, माझा झाला. दीड वर्षाने दाखला हातात पडला. तिच्या आईने तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलाय.

आता दुसरं बाळ. माझा मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आहे. मार्च २०२५ मध्ये सुनेची तारीख होती. २० जानेवारीला ट्रम्पनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी हुकूम काढला: आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला नसेल, तर ३० दिवसांनंतर तिथे जन्मणारं मूल नागरिक धरायचं नाही. म्हणजे १९ फेब्रुवारीपासून. आमचा नातू मार्चचा! सून फोनवर रडत होती. तिच्या ओळखीत बायका आठव्या महिन्यात सिझर करून घ्यायचं बोलत होत्या. मी इथे देवापाशी दिवा लावून बसायचे. पुढे कोर्टांनी तो हुकूम अडवला, बाळ सुखरूप झालं, त्याला पासपोर्ट मिळाला. आम्ही पेढे वाटले. छोटीच्या आईलाही दिले.

पेढा हातात घेऊन तिने विचारलं, "बाबू तिथे जन्मला म्हणून तिथला झाला?" मी म्हटलं हो. ती गप्प राहिली. तिने पुढे काही विचारलं नाही, पण विचारायचं काय होतं ते मला कळलं.

मुलाच्या मुलासाठी जो हक्क मी देवाकडे मागितला, तो माझ्या कलमांखाली जन्मलेल्या मुलीला माझा देश देत नाही. का देत नाही? पूर्वी देत होता का? जाणकारांनी सांगा. आणि त्या रकान्यात काय लिहायचं तेही सांगा.

---

मालवणी_झिल | २० डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, तुमी लिवलास ता वाचून डोळ्यात पाणी इला. आमच्या बागेत पण नेपाळी जोडपा असा. तेंचो झिल माझ्या झिलाबरोबर शाळेत जाता, मालवणी आमच्यापेक्षा बरी बोलता.

---

दापोलीकर_वकील | २० डिसेंबर, रात्री ११:०२

ताई, आधी तुमचा "पूर्वी देत होता का?" हा प्रश्न. हो, देत होता. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं तिसरं कलम मूळ स्वरूपात अगदी मोकळं होतं: २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला प्रत्येक जण भारताचा नागरिक. आईबाप कुठलेही असोत. परकीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यांची मुलं आणि शत्रूच्या ताब्यातल्या भागात शत्रुदेशाच्या माणसाला झालेली मुलं, एवढेच अपवाद.

१ जुलै १९८७ पासून हे बदललं. त्या दिवसापासून आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी घट्ट झालं: दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

छोटी २०२० ची, आईबाप दोघेही नेपाळचे. म्हणजे ती जन्माने भारतीय नाही. हीच मुलगी जून १९८७ मध्ये त्याच मांगरात जन्मली असती तर काही न करता भारतीय ठरली असती. तुमच्या वाडीत चाळिशीतला एखादा असा माणूस असेलही, स्वतःला न कळता नागरिक.

दोन गोष्टींची गल्लत करू नका. जन्माचा दाखला हा नागरिकत्वाचा दाखला नव्हे. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आईबापांचं राष्ट्रीयत्व विचारून नोंद नाकारत नाही. भारतात झालेला प्रत्येक जन्म नोंदवायचाच असतो. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते साफ चूक होतं, आणि तुम्ही दीड वर्ष चिकाटी धरलीत म्हणून त्या मुलीला जन्मतारीख आहे. दुसरं, तिचे आईबाप बेकायदा नाहीत. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार एकमेकांच्या नागरिकांना राहायला, काम करायला, धंदा करायला मुभा आहे. त्यामुळे छोटी उद्या मोठी होऊन इथल्या मुलाशी लग्न करील आणि तिचं मूल इथे जन्मेल, तर ते मूल जन्माने भारतीय असेल.

तिच्या स्वतःसाठी वाटा दोन, दोन्ही लांबच्या. एक, सज्ञान झाल्यावर देशीयकरण: अर्जाआधीचं सलग एक वर्ष, आणि त्यापूर्वीच्या १४ वर्षांपैकी ११ वर्षं इथे वास्तव्य. दुसरी वाट पाचव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमाची. खास परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कुठल्याही अज्ञान मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. ते सर्वस्वी सरकारच्या मर्जीवर आहे. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीचा (सीएए) इथे उपयोग नाही, त्यातल्या देशांत नेपाळ नाही.

शाळेचं म्हणाल तर प्रवेश कोणी अडवू शकत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, आणि वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

---

शिरगावकर | २० डिसेंबर, रात्री ११:२०

माहितीपूर्ण. वाचनखूण साठवली.

---

बंदरावरचा | २१ डिसेंबर, सकाळी ७:३०

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराची गोष्ट सांगतो. आज आमच्या बोटींवर तांडेल (बोटीचा म्होरक्या) इथला असतो आणि खलाशी बहुतेक नेपाळी. १ ऑगस्टला बंदर उघडलं की ते येतात, ३१ मेला जाळी सुकवून ठेवली की काही गावी जातात, काही इथेच राहतात. जे राहतात त्यांनी बायका आणल्या, मुलं झाली. माझ्या खलाशाचा मुलगा आठवीत आहे. त्याला बांगडा, सौंदाळा, मोडुसा, सगळी नावं येतात. वारा कुठून आहे ते तोंडावर घेऊन सांगतो. नेपाळात समुद्रच नाही! गावी गेला की चुलत भावंडं त्याला हसतात, नेपाळी धड येत नाही म्हणून.

गेल्या वर्षी मी त्याच्या बापाला म्हटलं, पोराचे तिकडचे कागद कर. तो म्हणाला, १६ वर्षांचा झाला की जिल्ह्याला जाऊन नागरिकता काढायची, पण त्याआधी तिकडच्या वडा (वॉर्ड) कार्यालयात जन्म नोंदवायला हवा, तो नोंदवलेला नाही. म्हणजे इथला नाही हे नक्की, आणि तिथला आहे याचा कागद नाही. कलमवाली ताई, छोटीचं हे आधी बघा. इथला हक्क नसेल नसेल, पण तिथला तरी हातचा जाऊ देऊ नका.

---

सह्याद्री_पायथा | २१ डिसेंबर, सकाळी १०:४८

ताईंच्या भावनेबद्दल आदर आहे, पण मी स्पष्ट लिहितो.

१९८७ ला कायदा उगाच बदलला नाही. आसामात बाहेरून आलेल्या स्थलांतरितांविरुद्ध सहा वर्षं आंदोलन पेटलं होतं, १५ ऑगस्ट १९८५ ला करार झाला. दक्षिणेला १९८३ नंतर श्रीलंकेतून निर्वासितांचे लोंढे येत होते. जो जो इथे जन्मेल तो तो नागरिक, हे चालू ठेवलं असतं तर सीमेवरच्या जिल्ह्यांचं काय झालं असतं? नागरिकत्व म्हणजे मत, आणि मत म्हणजे त्या जिल्ह्याचा कारभार. आसामातल्या माणसाची ती भीती खरी होती.

आणि आपण कोकणातले लोक, सातशे किलोमीटरवर किनारा सांभाळणारे. १९९३ साली दिघी आणि शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांआधी शस्त्रं आणि स्फोटकं उतरली ते विसरायचं? मी शेखाडीपासून जवळच्या गावातला. त्या वर्षी आमच्या गावाच्या नावाकडे लोक कसे बघत होते ते मला आठवतं. किनाऱ्यावर कोण येतं, कोण राहतं, याचा हिशेब कडकच हवा.

छोटीवर दया दाखवा, शिकवा. पण दयेवर कायदा करता येत नाही.

---

इकामा८८ | २१ डिसेंबर, दुपारी ३:१०

सह्याद्री_पायथा यांच्याशी मी अर्धा सहमत, आणि माझं कारण वेगळं आहे.

माझा जन्म १९८८ चा, कुवेतचा. गाव खेड तालुक्यात. अब्बा १९७६ ला गेले. आमच्या खाडीपट्ट्यात असं घर नाही ज्यातलं कोणी आखातात नाही. तिथे हजारो कोकणी मुलं जन्मली. त्यातल्या एकालाही कुणी विचारलं नाही, तू इथला का? आखातातल्या कुठल्याच देशात तिथे जन्मलं म्हणून नागरिक होता येत नाही. बापाचा इकामा (राहण्याचा परवाना) आहे तोवर मुलगा आहे. नोकरी गेली, इकामा संपला, सामान बांधा. चाळीस वर्षं राहिलेला माणूसही तिथे पाहुणाच.

ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामचं सैन्य आलं. मी दोन वर्षांचा. अम्मी सांगते, बसने इराकमार्गे जॉर्डनपर्यंत गेलो, रस्त्यात माझ्यासाठी पाणी मागत होती. अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय असे आणले गेले. मला त्या विमानात कशामुळे जागा मिळाली? मी कुवेतच्या मातीत जन्मलो म्हणून नाही. माझे अब्बा भारतीय, म्हणून मी भारतीय, आणि अम्मीच्या पासपोर्टवर माझं नाव होतं म्हणून. रक्ताच्या नात्याने दिलेलं नागरिकत्व मला वाचवून गेलं, हे मी कधी विसरणार नाही.

पण त्या कायद्यातही खोट होती. तेव्हा परदेशात जन्मलेल्या मुलाला फक्त बापाकडून नागरिकत्व यायचं. अम्मी भारतीय आणि अब्बा दुसऱ्या देशाचे असते तर मी भारतीय नसतो. १० डिसेंबर १९९२ पासून आईकडूनही मिळायला लागलं. म्हणजे कायदा चुकतो आणि सुधारतोही.

आता आखातात असलेल्यांसाठी कामाची गोष्ट, कारण याच चुकीने लोक हैराण होतात. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. वर्ष गेलं की केंद्र सरकारची परवानगी. माझ्या मामेभावाने अकरा महिने "सुट्टीत जाऊ तेव्हा करू" केलं, आणि शेवटच्या आठवड्यात मस्कतला धावाधाव. कृपा करून तसं करू नका.

ताई, मी अर्धा सहमत म्हटलं ते यासाठी: मला कुवेतने नागरिक केलं नाही म्हणून राग नाही, माझा देश होता. छोटीला तिचा देश आहे का, हे बंदरावरच्या भाऊंनी विचारलं, तोच खरा प्रश्न.

---

सातासमुद्रा | २१ डिसेंबर, रात्री ८:५५ (इथे सकाळ)

मूळची पावसची, आता न्यू जर्सीतल्या एडिसनची. ताई, तुमच्या सुनेची जानेवारी-फेब्रुवारीतली अवस्था मी माझ्या मैत्रिणींमध्ये बघितली आहे.

इथला हक्क आला कुठून, ते सांगते. १८५७ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने ड्रेड स्कॉट खटल्यात ठरवलं की काळी माणसं या देशाची नागरिक होऊच शकत नाहीत. मग यादवी युद्ध झालं, गुलामगिरी संपली, आणि १८६८ ला चौदावी घटनादुरुस्ती आली: इथे जन्मलेला आणि इथल्या अधिकारक्षेत्राखाली असलेला प्रत्येक जण नागरिक. गुलामांच्या मुलांना पुन्हा कुणी "तू इथला नाहीस" म्हणू नये म्हणून हे थेट घटनेत घातलं. भांडण चाललंय ते त्या "अधिकारक्षेत्राखाली" शब्दावर.

ते भांडण एकदा झालेलं आहे. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत १८७३ ला चिनी आईबापांना झालेला स्वयंपाकी. तेव्हा चिनी मजुरांना बंदी घालणारा १८८२ चा कायदा होता, आईबाप नागरिक होऊच शकत नव्हते. १८९५ ला चीनहून परतताना याला बोटीवरच अडवलं. १८९८ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, जन्म इथला म्हणजे नागरिक. सव्वाशे वर्षं सगळे याच निकालावर उभे आहेत. आपले भारतीयही. १९२३ ला भगतसिंग थिंड यांना कोर्टाने सांगितलं की भारतीय माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. १९४६ पर्यंत ते दार बंद होतं. पण त्या काळातही इथे जन्मलेली भारतीयांची मुलं नागरिकच होती.

डिसेंबर २०२५ पर्यंतची स्थिती: सिएटलच्या न्यायाधीशांनी तीन दिवसांतच हुकूम थांबवला. न्यू जर्सीसह अनेक राज्यं कोर्टात गेली. २७ जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खालच्या कोर्टांनी सरसकट देशभर मनाई देऊ नये, तेव्हा पुन्हा छातीत धस्स झालं. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या कोर्टाने सगळ्या बाळांचा एक गट मानून पुन्हा हुकूम रोखला. आता ५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने मूळ प्रश्नच सुनावणीला घेतलाय. निकाल यायचा आहे.

आणि लोक म्हणतात ना, मूल जन्माला घालून आईबाप कागद मिळवतात, तर ते मूल २१ वर्षांचं होईपर्यंत आईबापांसाठी अर्जही करू शकत नाही. आम्ही अकरा वर्षं ग्रीनकार्डच्या रांगेत आहोत. नोकरीवरच्या ग्रीनकार्डांत एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही, म्हणून आपल्या लोकांची रांग हलत नाही.

माझ्या घरातच बघा. थोरली रत्नागिरीत झाली, दोन वर्षांची असताना इथे आणली. धाकटा इथला. थोरली १३ वर्षांची आहे. तोवर आमचं ग्रीनकार्ड आलं नाही तर २१ व्या वर्षी तिचा आमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा संपेल, तिला दुसरा शोधावा लागेल नाहीतर जावं लागेल. धाकट्याला कोणी हात लावू शकत नाही. एकाच ताटात जेवणारी दोघं. परवा थोरलीने विचारलं, "आई, मला पण इकडेच का नाही आणलंस जन्माला?" मी भांडी घासत होते, नळ चालू ठेवला, तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून.

---

तेरेखोलकाठ | २२ डिसेंबर, सकाळी ९:२०

आमच्याकडे उलटा प्रकार. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपलं मानतो, त्यांच्या मुलानातवंडांनाही वाट आहे. आजोबांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग बापाचा, मग आपला. माझे दोन वर्गमित्र असे गेले, आता इंग्लंडात आहेत. पण परदेशी नागरिकत्व आपणहून घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारताचं संपतं. एकजण आईच्या आजारपणात आला तेव्हा ओसीआय कार्डावर (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) आला. मतदानाच्या दिवशी दारात बसून राहिला. बोलला काहीच नाही.

---

कलमवाली | २२ डिसेंबर, दुपारी २:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. सातासमुद्रा, तुझ्या थोरलीला माझा आशीर्वाद सांग.

तेरेखोलकाठ, ओसीआयवरून आठवलं. नातवाचं कार्ड काढायचं चाललंय. त्याला आमची बाग वारशाने मिळेल ना? आमच्या ह्यांनी एकेक कलम खांद्यावरून पाणी घालून वाढवलंय.

---

दापोलीकर_वकील | २२ डिसेंबर, दुपारी ४:३०

वारशाने मिळेल. शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन विकत मात्र घेता येणार नाही. आणि मत नाही.

---

निवृत्त_बाई_मंडणगड | २२ डिसेंबर, रात्री ९:१५

मी आंबडव्याच्या जवळची. डॉ. बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यामुळे घटनेचा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमं घटना समितीपुढे मांडताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की एखादं कलम सोडलं तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कुठल्या कलमाने दिली नाही. फाळणी झालेली, माणसं इकडून तिकडे. तरीही घटनेच्या पाचव्या कलमात जन्म हा आधार राहिला. त्याआधी, एप्रिल १९४७ मध्ये, जन्मावरून नागरिकत्व द्यावं की नको यावर वाद झाला, तेव्हा सरदार पटेल उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांना तिथलं नागरिकत्व मिळावं असं आपण मागतो, मग आपल्या घरात आपण कोती दृष्टी ठेवणं बरोबर नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

कलमवाली ताई, तुम्ही पेढ्याच्या गोष्टीत जे लिहिलंत तेच पटेल बोलले होते. फाळणीच्या उंबरठ्यावर, आजच्यापेक्षा कितीतरी मोठी भीती समोर असताना.

---

खाडीपलीकडे | २२ डिसेंबर, रात्री १०:००

रत्नागिरीत हे नवं नाही. थिबा राजाला इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून इथे ठेवलं, १९१६ ला तो इथेच वारला. त्याची नात टुटू रत्नागिरीत जन्मली. आई ब्रह्मदेशची राजकन्या, बाप इथला सावंत. ती मराठी बोलली, इथेच संसार केला, गरिबीत दिवस काढले आणि इथेच गेली. माझ्या आजीने तिला बाजारात पाहिलेली. आजी म्हणायची, नाकडोळे तिकडचे, पण भाव करायला लागली की अस्सल रत्नागिरीची.

---

सह्याद्री_पायथा | २३ डिसेंबर, सकाळी ११:३०

निवृत्त बाई, पटेलांचा मुद्दा माहीत नव्हता, धन्यवाद. पण १९४७ ला मागणी करणारे थोडे होते. जगात बघा. ब्रिटनने १९८३ पासून नुसत्या जन्मावर देणं बंद केलं, ऑस्ट्रेलियाने १९८६ ला, आयर्लंडने २००४ ला सार्वमत घेऊन, न्यूझीलंडने २००६ ला. मोकळं दार उरलंय ते मुख्यतः अमेरिका खंडांत. हे सगळे देश निर्दय आहेत का?

---

कलमवाली | २३ डिसेंबर, रात्री ८:२०

सह्याद्री_पायथा, तुमच्या गावाचं लिहिलंत ते मनाला लागलं. आमच्याकडेही त्या वर्षी रात्री पोलीस किनाऱ्यावर फिरायचे. पण शेखाडीला जे उतरलं ते उतरवायला मदत करणारे, पैसे घेऊन डोळे मिटणारे, इथलेच नागरिक होते. कोणाचा जन्म कुठे झाला यावर ते अडलं नसतं.

तुम्ही दिलेली यादी मी मुलाला विचारून नीट समजून घेतली, आणि त्यातच मला माझं उत्तर सापडलं. ऑस्ट्रेलियाने जन्मावर देणं बंद केलं, पण तिथे जन्मून दहाव्या वाढदिवसापर्यंत तिथेच राहिलेलं मूल आपोआप नागरिक होतं. ब्रिटनमध्येही तिथे जन्मून पहिली दहा वर्षं तिथे काढलेल्या मुलाला नोंदणीचा हक्क आहे. त्यांनी दार लावलं, पण कडी घातली नाही. आपण कडी घातली.

मला एवढंच हवंय. विमानाने येऊन बाळंत होऊन जाणाऱ्यांसाठी मी मागत नाही. चोरून आलेल्यांसाठीही नाही. जी मुलगी इथे जन्मली, जिचे आईबाप करारानुसार राजरोस इथे कष्ट करतात, जी आमच्या अंगणवाडीत उपमा खाऊन मोठी झाली, जिला मोहोरावर तुडतुडा आला की माझ्याआधी कळतं, तिला दहा वर्षांनी हक्काने मागता यावं. मर्जीने नको. मर्जी म्हणजे काय असते ते मी दीड वर्ष एका टेबलासमोर उभं राहून पाहिलंय.

---

सह्याद्री_पायथा | २३ डिसेंबर, रात्री ९:०५

दहा वर्षांचं वास्तव्य, शाळेच्या नोंदीने सिद्ध होणारं, आणि आईबाप कायदेशीर असतील तरच. यावर मी विचार करीन. आसामसारख्या जिल्ह्यांसाठी वेगळी अट लागेल, त्यावर मी ठाम आहे.

---

बंदरावरचा | २४ डिसेंबर, सकाळी ६:५०

शाळेच्या नोंदी लागणार असतील तर माझा आठवीतला पास आहे. एक दिवस खाडा नाही.

---

कलमवाली | २८ डिसेंबर, संध्याकाळी ७:१५

चार दिवस फवारणीत गेले, म्हणून उशीर.

बंदरावरच्या भाऊंचं ऐकून काल छोटीच्या आईपाशी बसले. ती मांगरासमोर चूल पेटवत होती, छोटी माझ्या मांडीवर. सगळं समजावलं: इथला कायदा काय, तिकडची नोंद का हवी, दहा वर्षांची माझी कल्पना. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, या वर्षी आंबा संपला की आषाढात गावी जातोच, कैलालीला, तेव्हा वडा कार्यालयात हिचा जन्म लावून घेते. दाखला बरोबर नेते. तो इथला आहे, चालेल ना? वकीलसाहेबांना विचारून तिला सांगायचंय, सोबत काय काय न्यायचं.

मग मी रकान्याचं विचारलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, काकू, भारतीय लिहिता येईल का बघा. ती म्हणाली, "नेपाळी लिहा. आम्ही नेपाळीच आहोत, लपवायचं काय? पण जन्म कुठे झाला ते नीट लिहायला सांगा. गावाचं नाव, वाडीचं नाव, सगळं. उद्या कोणी विचारलं तर तिला सांगता आलं पाहिजे."

उद्या शाळेच्या बाईंना फोन करते. राष्ट्रीयत्व नेपाळी. जन्मस्थळ, गाव आणि वाडीसकट, तालुका व जिल्हा रत्नागिरी. मातृभाषेच्या रकान्यात दोन भाषा लिहिता येतात का, ते तेवढं विचारायचं राहिलंय.